घरच्या रुग्णाची काळजी घेणाऱ्याने नियमित सुट्टी कशी मिळवावी: ठाणे आणि नवी मुंबईतील कुटुंबांसाठी

माझ्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा त्या ७१ वर्षांच्या होत्या. त्यांची उजवी बाजू लुळी पडली, बोलणे जवळजवळ थांबले, आणि त्यानंतरची सहा वर्षे ठाण्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात त्यांची शुश्रूषा प्रामुख्याने मी केली. पहिल्या अडीच वर्षांत मी एकदाही पूर्ण दुपार घराबाहेर घालवली नाही. मग एके सकाळी त्यांना पलंगावरून खुर्चीत बसवताना माझी कंबर धरली आणि मला तीन आठवडे अंथरुणावर पडून राहावे लागले. त्या दिवशी लक्षात आले की त्यांच्या गोळ्यांच्या वेळा, त्यांना कुशीवर वळवण्याची पद्धत, किंवा डावा हात दोनदा उंचावला की त्यांना काय हवे असते, यांपैकी काहीही घरात दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हते. तीन आठवडे त्यांचे हाल झाले आणि ते मला पलंगावरून पाहावे लागले.

त्यानंतर आम्ही घडी बसवली: दर गुरुवारी दुपारी चार तास, महिन्यातून एक पूर्ण रात्र, आणि पुढे वर्षातून एकदा आठ दिवस. ही घडी बसवायला आम्हाला सात-आठ महिने लागले, कारण कोणती गोष्ट आधी करायची हे सांगणारे कोणी भेटले नाही. जे आज आई-वडिलांची, सासू-सासऱ्यांची, जोडीदाराची किंवा अपंग मुलाची काळजी घेत आहेत, त्यांचे ते महिने वाचावेत म्हणून हे क्रमवार लिहीत आहे. मानसिक आजारांच्या क्षेत्रात मराठीत रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसाला ‘शुभंकर’ म्हणण्याची पद्धत रुजली आहे. मला ‘शुभंकर’ हा शब्द आवडतो, म्हणून या लेखात मीही तोच वापरते.

१. आठवडाभर कामाची नोंद करा

सुट्टी मागण्याआधी आपण नेमके काय करतो हे कागदावर यायला हवे. सात दिवस, उठल्यापासून निजेपर्यंत आणि रात्री उठावे लागल्यास तेही, वेळेसह लिहा: तोंड धुणे, डायपर बदलणे, अंग पुसणे, भरवणे, गोळ्या, कूस बदलणे, कपडे धुणे, डॉक्टरांशी फोन, औषधाच्या दुकानाची फेरी. माझ्या नोंदीत रात्रीचे उठणे सरासरी चार वेळा निघाले, आणि माझ्या यजमानांना हे सहा वर्षांच्या त्या काळात पहिल्यांदाच कळले, कारण ते बाहेरच्या खोलीत झोपत.

या नोंदीचे दोन उपयोग आहेत. पहिला असा की घरच्यांशी बोलताना ‘मी फार थकते’ या वाक्याऐवजी तुमच्या हातात कागद असतो. दुसरा असा की कोणते काम कोणीही करू शकते, कोणत्या कामाला थोडे शिकवावे लागेल आणि कोणत्या कामाला प्रशिक्षित परिचारिकाच हवी, हे वेगळे काढता येते.

२. सुट्टीचे माप आणि वार ठरवा

सुरुवात लहान करा. आठवड्यातून दोन तास, पण ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी, हे वर्षातून एकदा मिळणाऱ्या चार दिवसांपेक्षा अधिक उपयोगी पडते असे माझे ठाम मत आहे, कारण पुढचा गुरुवार येणार आहे हे माहीत असले की मंगळवारची वाईट रात्र सोसता येते. ‘जमेल तेव्हा’ ठरवलेली सुट्टी कधीच जमत नाही. दारामागच्या कॅलेंडरवर ती तारीख सगळ्यांना दिसेल अशी लिहा.

वार निवडताना एक स्थानिक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्याकडे मदतीला येणाऱ्या बहुतेक बायका कळवा, मुंब्रा, दिवा, बदलापूर अशा ठिकाणांहून लोकलने येतात, आणि रविवारी मेगाब्लॉक असला की त्यांना तास-दीड तास उशीर होतो. म्हणून मदतनीसाच्या भरवशावरची सुट्टी शक्यतो आठवड्यातल्या कामाच्या दिवशी ठेवा आणि घरच्या माणसाच्या भरवशावरची शनिवारी किंवा रविवारी. पावसाळ्यात रुळांवर पाणी आले की कोणीच येऊ शकत नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळासाठी चालत येऊ शकेल असे एक माणूस, शेजारी किंवा त्याच कॉलनीतले, आधीच बोलून ठेवा.

३. रुग्णाची वही तयार करा

सगळ्या पायऱ्यांमध्ये ही सर्वांत महत्त्वाची आहे आणि बहुतेक जण हीच गाळतात. शंभर पानी साधी वही पुरते. मोबाइलमध्ये लिहू नका, कारण तुम्ही बाहेर पडताना मोबाइल तुमच्याबरोबर जातो. वही रुग्णाच्या उशाशी दोरीने बांधून ठेवा.

पहिल्या पानावर रुग्णाचे नाव, वय, आजार, रक्तगट, कशाची ॲलर्जी आहे, डॉक्टरांचा आणि जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक, तुमचा क्रमांक आणि तुम्ही उचलला नाही तर कोणाला फोन करायचा तो क्रमांक लिहा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ हेही ठळक लिहा, कारण घाबरलेल्या माणसाला पाठ असलेला आकडाही आठवत नाही.

दुसऱ्या पानावर औषधे. नाव, रंग, वेळ, जेवणाआधी की नंतर, आणि एखादी मात्रा चुकली तर काय करायचे, हे डॉक्टरांना विचारून लिहा. काही गोळ्या चुरून द्यायच्या नसतात. घास गिळायला त्रास असलेल्या रुग्णाला प्रेमापोटी कोणीही गोळी चुरून देईल, त्यामुळे अशा गोळ्यांपुढे लाल फुली करा.

तिसऱ्या पानावर भरवणे. हे पान मी चूक झाल्यानंतर लिहिले. पहिल्या महिन्यात पगारावर मदतीला आलेल्या मावशींनी सासूबाईंना आडवे असतानाच पेल्याने पाणी पाजले, त्यांना जोराचा ठसका लागला आणि चेहरा निळसर पडला. मी घरातच होते म्हणून लगेच बसते करता आले. त्या मावशींचा यात दोष नव्हता, मी त्यांना सांगितलेच नव्हते. अर्धांगवायूच्या अनेक रुग्णांना पातळ पाणी हे मऊ भातापेक्षा गिळायला अवघड जाते. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, चमच्याने, एक घोट गिळल्याची खात्री करून दुसरा द्यायचा, आणि नंतर निदान अर्धा तास आडवे करायचे नाही, हे सगळे मी मग एकेका ओळीत लिहिले. तुमच्या रुग्णासाठी नेमके काय योग्य हे डॉक्टरांकडून किंवा गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या वाचा-उपचारतज्ज्ञांकडून समजून घ्या.

चौथ्या पानावर कूस बदलणे आणि त्वचा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सर्वसाधारणपणे दर दोन तासांनी वळवावे लागते, एअर बेड असला तरीही. माकडहाड, टाचा आणि खुबे या जागी लाली दिसली आणि ती दाबूनही फिकी पडली नाही तर ती बेडसोअरची, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात असू शकते. हे मदतनीसाला प्रत्यक्ष दाखवा.

शेवटचे पान त्या माणसाचे म्हणून ठेवा. सासूबाईंना दुपारी रेडिओ हवा असे, पंखा दोनवर, पायांवर पांघरूण पण छातीवर नको, आणि देवासमोर दिवा लावला की पलंगाचे डोके वर करून त्यांना तो दिसला पाहिजे. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने हे कोणीतरी लिहून ठेवायला हवे.

४. घरच्यांशी नेमके बोला

आपल्याकडे नातेवाईक येतात ते भेटायला, आणि भेटायला आलेल्यांसाठी चहा-पोहे करण्यात शुभंकराचा आणखी एक तास जातो. यात कोणाचा वाईट हेतू नसतो, त्यांना काय करायचे ते कोणी सांगितलेले नसते. ‘जरा येत जा’ असे म्हणू नका. ‘दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी ३ वाजता या आणि ७ पर्यंत आईंजवळ थांबा, वही उशाशी आहे’ असे म्हणा.

माझ्या नणंदबाई नेरूळला राहतात आणि तिथून ठाण्याला थेट लोकल आहे. अडीच वर्षे त्या दर पंधरा दिवसांनी येत होत्या आणि मी त्यांना एकदाही एकटे सोडून बाहेर गेले नव्हते, कारण पाहुण्या आलेल्या वन्संना कामाला कसे लावायचे असा मला संकोच होता. विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘वहिनी, मला वाटायचं तुम्हाला माझा हात लागलेला चालत नाही.’ महिन्याची रात्र त्यांनी तेव्हापासून स्वतःकडे घेतली. माझे दीर पुण्याला असतात, त्यांना येणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी मावशींच्या पगाराचा वाटा दर महिन्याच्या पाच तारखेला पाठवायचे ठरले. वेळ आणि पैसा या दोन्ही गोष्टी वाटणीत धरल्या तरच दूर राहणारी भावंडेही त्यात येतात. जे ठरेल ते कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर त्याच दिवशी लिहून टाका.

रुग्णालाही सांगा. सासूबाई पहिल्यांदा रडल्या. त्यांना वाटले की आता त्यांना परक्या हातात सोडणार. मी त्यांच्याजवळ बसून किती वाजता जाणार, किती वाजता येणार आणि कोण थांबणार हे घड्याळ दाखवून सांगितले, आणि पहिले दोन महिने ठरलेल्या वेळेच्या पाच मिनिटे आधीच परत आले. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला मात्र आदल्या दिवशी सांगून काळजीत टाकू नये. त्यांना निघताना, थोडक्यात आणि शांतपणे सांगणे पुरते.

५. ब्युरोकडून मदतनीस घेताना

ठाणे आणि नवी मुंबईत रुग्णसेवेसाठी माणसे पुरवणारे पुष्कळ ब्युरो आहेत. सर्वांत आधी तुम्हाला परिचारिका हवी की मावशी, हे ठरवा. इंजेक्शन, नाकातल्या नळीतून भरवणे, लघवीची नळी, खोल जखमेचे ड्रेसिंग अशा कामांना प्रशिक्षित परिचारिका लागते आणि तिची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असायला हवी. नोंदणीचे प्रमाणपत्र बघायला मागण्यात संकोच करू नका. अंग पुसणे, डायपर, भरवणे, वळवणे यांसाठी अनुभवी मावशी किंवा पुरुष रुग्णासाठी मामा पुरतात. ब्युरो ‘आमच्या सिस्टर सगळं करतात’ असे सांगतात, पण आलेल्या बाईंचे प्रशिक्षण काय झाले आहे हे त्यांनाच शांतपणे विचारा.

पैशांच्या बाबतीत मी जे सोसले ते तुम्ही टाळा. एका ब्युरोला मी महिन्याचे पैसे आगाऊ आणि वर डिपॉझिट दिले, पाचव्या दिवशी मावशी आल्या नाहीत, बदली कोणी मिळाले नाही आणि पैसेही परत आले नाहीत. माझ्याकडे पावती नव्हती. त्यामुळे हे प्रश्न आधी विचारा आणि उत्तरे लेखी घ्या:

– ड्यूटी १२ तासांची की २४ तासांची, आणि केवळ आठवड्यातून चार तासांसाठी कोणी मिळेल का? अनेक ब्युरो इतक्या कमी वेळाला माणूस देत नाहीत, तेव्हा शेजारच्या इमारतीत आधीच काम करणाऱ्या मावशींना विचारणे सोयीचे पडते.
– मावशी आल्या नाहीत तर बदली किती तासांत मिळेल आणि त्या दिवसाचे पैसे कापले जातील का?
– डिपॉझिट किती, परत कधी, आणि पावती कोणाच्या नावाची?
– ब्युरोचे कमिशन वजा जाता मावशींच्या हाती किती पडते? हा प्रश्न आगाऊ वाटेल, पण हाती फार कमी पडत असेल तर ती बाई टिकणार नाही.

मदतनीसाची पोलीस पडताळणी करून घ्या. ठाणे आणि नवी मुंबई ही दोन वेगळी पोलीस आयुक्तालये आहेत, म्हणून ऐरोली किंवा वाशीत राहणाऱ्यांनी ठाण्याच्या ओळखीवर विसंबून न राहता आपल्याच हद्दीतल्या पोलीस स्टेशनात चौकशी करावी. आधार कार्डाची प्रत आणि फोटो ठेवा, सोसायटीच्या गेटवर नाव नोंदवा. दागिने, एटीएम कार्ड आणि बँकेची कागदपत्रे कुलपात ठेवा, म्हणजे पुढे काही हरवले तर निष्पाप माणसावर संशय येत नाही. कॅमेरा लावणार असाल तर तो कुठे आहे हे मावशींना सांगूनच लावा, आणि रुग्णाला जिथे उघडे करावे लागते त्या बाजूला तो कधीही नको.

२४ तासांच्या मावशी म्हणजे २४ तास जाग्या राहणारी बाई, असा समज अनेक घरांत असतो. त्यांना सलग झोप, आपल्यासारखेच जेवण, निजायला जागा आणि आठवड्याची सुट्टी द्यावीच लागते. आपल्याला जो थकवा असह्य झाला तोच पैसे देऊन दुसऱ्या बाईच्या अंगावर ढकलणे योग्य नाही, आणि थकलेल्या हातून रुग्णाला इजाही होते.

नवीन मावशींना पहिले तीन दिवस तुम्ही घरात असताना बोलवा. पहिल्या दिवशी तुम्ही करा आणि त्यांनी पाहावे, दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून करावे, तिसऱ्या दिवशी त्यांनी करावे आणि तुम्ही पाहावे.

६. घराबाहेरच्या सोयी

कोणती सोय उपयोगी पडेल हे आजारावर अवलंबून आहे, आणि चुकीच्या दाराशी गेले की वेळ जातो.

चालते-फिरते, पण घरी एकटे ठेवता येत नाही अशा वृद्धांसाठी नवी मुंबई महानगरपालिकेची विरंगुळा केंद्रे पाहून या. तिथे शुश्रूषा मिळत नाही, सोबत मिळते. ज्या घरात ७५ वर्षांच्या आजी ८० वर्षांच्या आजोबांना सांभाळतात, तिथे त्या आजींनीच दुपारी केंद्रात जाऊन बसावे असे मी सुचवेन.

अपंग मुलांच्या पालकांसाठी वाशीतील महानगरपालिकेचे ईटीसी केंद्र शिक्षण आणि उपचारांचे काम करते. मूल तिथे असते ते तास पालकांचे असतात, तेवढ्या वेळात धुणी-भांडी उरकण्याचा मोह टाळा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या योजनांची माहिती घ्या: ‘दिशा-कम-विकास’ ही दिवसभराच्या देखभालीची, ‘समर्थ-कम-घरौंदा’ ही निवासाची आणि ‘निरामय’ ही १ लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्य विम्याची योजना आहे. या योजना नोंदणीकृत संस्थांमार्फत चालतात, म्हणून कोणत्याही संस्थेला पहिला प्रश्न राष्ट्रीय न्यासाच्या नोंदणीचाच विचारा.

मानसिक आजार असेल तर ठाण्यात १९९० पासून काम करणारी आयपीएच, म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, ही संस्था आहे. पार्किन्सन्ससाठी मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी मदतगट चालवते, आणि स्मृतिभ्रंशासाठी १९९२ साली स्थापन झालेल्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडियाची मुंबईत शाखा आहे. कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांसाठी वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून सेवा देत आहे. टाटा स्मारक रुग्णालयात उपचार झाले असतील तर तिथल्या पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, विभागाला घरच्या शुश्रूषेविषयी जरूर विचारा.

कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या १४५६७ या ‘एल्डरलाइन’वर सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत फोन करा. तुमचे स्वतःचे मन खचले असेल, झोप उडाली असेल, रुग्णावर हात उगारला जाईल अशी भीती वाटत असेल, तर १४४१६ या ‘टेली मानस’ क्रमांकावर दिवस-रात्र बोलता येते. अशी भीती वाटणे हा अपराध नाही, पण त्याच दिवशी फोन करा, पुढच्या गुरुवारची वाट पाहू नका.

आठ-दहा दिवसांसाठी रुग्णाला निवासी केंद्रात ठेवायचे असेल तर जागा स्वतः पाहा, आणि तीही एकदा सांगून व एकदा न सांगता, रात्रीच्या जेवणाच्या सुमारास. रात्री किती रुग्णांमागे किती माणसे जागी असतात, डॉक्टर कधी येतात, तब्येत बिघडली तर कोणत्या रुग्णालयात नेतात, आणि डायपर, औषधे, फिजिओथेरपी यांचे पैसे वेगळे आहेत का, हे विचारा. खोलीत शिरल्यावर लघवीचा वास येत असेल तर पुढचे प्रश्न विचारण्याची गरज नाही.

७. कागदपत्रांची फाइल

वहीशेजारी एक प्लास्टिकची फाइल ठेवा आणि प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स काढा:

– रुग्णाचे आणि तुमचे आधार कार्ड, पासपोर्ट आकाराचे फोटो
– रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, अलीकडचे प्रिस्क्रिप्शन आणि तपासण्यांचे अहवाल
– आरोग्य विम्याची पॉलिसी, आणि रुग्ण ७० वर्षांचा किंवा त्याहून मोठा असल्यास आयुष्मान वय वंदना कार्ड
– अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (अपंग व्यक्तीचे सरकारी ओळखपत्र)

दोन खुलासे करते. आयुष्मान कार्ड रुग्णालयातील उपचारांसाठी आहे, घरी येणाऱ्या मावशींचा पगार त्यातून मिळत नाही. यूडीआयडी कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी लागते. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरले तर जुन्या करप्रणालीत अवलंबित व्यक्तीमागे ७५,००० रुपयांची, आणि ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. वाचलेला कर मदतनीसाच्या खर्चाला लावता येतो. अंथरुणावरच्या माणसाला तपासणीला नेणे हे मोठे काम असते, तेव्हा तारीख मिळाली की व्हीलचेअर, लिफ्ट आणि रांगेविषयी आधी चौकशी करा.

८. पहिली सुट्टी

पहिल्या गुरुवारी मी शेजारच्या खोलीत दार लावून पडले. मावशींनी भांडे ठेवल्याचा आवाज आला तरी मी उठत होते, आणि संध्याकाळी नेहमीपेक्षा अधिक थकले होते. दुसऱ्या गुरुवारी यजमानांनी मला घराबाहेरच काढले. मी मासुंदा तलावाच्या काठावर दोन तास नुसती बसले, काहीही केले नाही. सुट्टीच्या वेळेत घराबाहेर पडा. बँक, वीजबिल आणि रेशन यांसाठी दुसरा दिवस आहे. ज्या शुभंकराला काय करावे हे सुचत नाही, त्याने आधी स्वतःची राहून गेलेली तपासणी करून घ्यावी. माझा रक्तदाब वाढलेला आहे हे मला तिसऱ्या गुरुवारी कळले.

फोन चालू ठेवा, पण मावशींशी ठरवून ठेवा की वहीत ज्या चार-पाच गोष्टींपुढे ‘लगेच फोन करा’ असे लिहिले आहे, तेवढ्यांसाठीच फोन करायचा. तुम्हीही मधल्या वेळेत एकदाच फोन करा.

परत आल्यावर चादरीची घडी किंवा वरण किती पातळ झाले यावर बोलू नका. मावशी तुमच्यासारखे करणार नाहीत. रुग्ण कोरडा, सुरक्षित आणि पोटभर जेवलेला असेल तर त्या दिवसाचे काम चांगले झाले. काय खाल्ले, लघवी किती वेळा झाली, कूस कधी बदलली, हे त्यांच्याच हाताने वहीत लिहायला सांगा. लिहिता येत नसेल तर त्या सांगतील तसे तुम्ही लिहा, आणि वही बंद करण्याआधी, मावशी चपला घालत असतानाच, पुढच्या गुरुवारची वेळ त्यांच्याकडून पक्की करून घ्या.